वार्षिक, टिळक आणि आचारी : एका वाचनालयाच्या साईटचं स्थलांतर

वाचनालयाच्या कार्यालयात एकच संगणक आहे, देवघेवीच्या काउंटरमागे. कार्यवाह सरांनी त्यावर साईट उघडून दाखवली आणि म्हणाले, "बघ. दिसतंय की सगळं व्यवस्थित. मग लोक दिसत नाही, दिसत नाही का म्हणतात?" मी खिशातला फोन काढून तोच पत्ता टाकला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, उघडे कंस, मध्येच एखादा आकडा. सरांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला. "हे आमचं नव्हे," म्हणाले.

ते त्यांचंच होतं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य, 'ब' वर्ग. साईट २००४ साली अध्यक्षांच्या भाच्याने कॉलेजात असताना ड्रीमवीव्हर एमएक्स २००४ या वेबपानं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली. भाचा आता अमेरिकेत. त्या काळी मराठी साईट करायची म्हणजे एखादा मराठी फॉन्ट घ्यायचा, त्यात टाइप करायचं आणि पानाच्या डोक्यावर 'मराठी नीट दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्या' अशी ओळ टाकायची. अशा फॉन्टातला 'क' संगणकाच्या लेखी क नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट आहे तोवर मराठी, नसला की भेंडोळं. काही साईटनी मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट नावाच्या साधनाने फॉन्ट पानासोबतच धाडायची सोय केली होती, पण ती इंटरनेट एक्स्प्लोररपुरती. क्रोम आणि फायरफॉक्सने ते स्वरूप कधी स्वीकारलंच नाही. इथे तेवढंही नव्हतं.

कार्यालयात मात्र संगणक बदलला की पहिल्यांदा तो फॉन्ट टाकायचा, हा शिरस्ता. त्यामुळे ज्यांनी तक्रार समजून घ्यायची, नेमक्या त्यांनाच साईट अठरा वर्षं नीट दिसत होती.

मला बोलावणं आलं ते मात्र यासाठी नव्हे. होस्टिंग कंपनीचं पत्र होतं : तुमची साईट ज्या जुन्या विंडोज सर्व्हरवर आहे तो ३० सप्टेंबर २०२२ ला बंद होईल, त्याआधी सामान हलवा. हाती पत्र पडलं तेव्हा जुलै अर्धा सरला होता.

साईट राहते कुठे

सरांच्या मनात साईट म्हणजे एक वस्तू होती, कपाटासारखी. उचलली की झालं. तसं नसतं. डोमेनचं नाव (ब्राउझरमध्ये टाकतो ते) अशी नावं नोंदवणाऱ्या एका रजिस्ट्रार कंपनीकडे, त्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसच्या नोंदी दुसरीकडे, फाइली तिसरीकडे, मेल चौथीकडे. माझ्या अनुभवात निम्मी स्थलांतरं फाइलींमुळे अडत नाहीत. अडतात ती 'हे कुणाच्या नावावर आहे?' या प्रश्नापाशी.

इथेही डोमेन निघालं भाच्याच्या नावावर आणि रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला, केव्हाच मेलेला. त्यात मुदत चाळीस दिवसांत संपत होती. भाचा चांगला माणूस. आपल्याकडे सकाळ झाली की त्याच्याकडे रात्र व्हायची आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर यायचं. ओळखपत्रं पाठवून खातं ताब्यात यायला नऊ दिवस लागले. पहिलं काम केलं ते मुदत वाढवायचं. मग नोंदणी वाचनालयाच्या नावे केली.

इथे एक मोह होतो : एवढं करतोच आहोत तर रजिस्ट्रारही बदलून टाकू. मी नाही म्हटलं. होस्टिंग बदलायला रजिस्ट्रार बदलावा लागत नाही, डीएनएस नव्या जागेकडे वळवलं की पुरे. शिवाय डॉट ऑर्गसारख्या डोमेनवर नोंदणीदाराचं नाव बदललं की साधारणपणे साठ दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. आमच्याकडे तेवढी सवड नव्हतीच.

ड्रीमवीव्हरने मागे ठेवलेल्या खुणा

भाच्याचा जुना लॅपटॉप केव्हाच भंगारात गेलेला. ड्रीमवीव्हरमध्ये साईट म्हणजे आपल्या संगणकावरचं एक मूळ फोल्डर आणि सर्व्हरवरची त्याची प्रत. इथे मूळ गेलं होतं, प्रत तेवढी शिल्लक. म्हणून आधी एफटीपीने सगळं खाली उतरवलं, झिप केलं, दोन ठिकाणी ठेवलं आणि नंतरच हात लावला. (ड्रीमवीव्हरचं 'सिंक्रोनाइझ' अशा वेळी वापरूच नये. 'जे स्थानिक फोल्डरमध्ये नाही ते सर्व्हरवरून पुसा' असा त्यात एक पर्याय असतो, आणि आपलं स्थानिक फोल्डर रिकामं असतं.)

एकूण ४१२ पानं निघाली. व्याख्यानमालेचे वृत्तान्त, वार्षिक अहवाल, दुर्मिळ पुस्तकांच्या याद्या, दरमहाच्या पत्रिकेतले लेख, श्रद्धांजल्या. हाताने एकेक पान उचलून नव्या जागी चिकटवायचं तर दिवाळी उजाडली असती.

वाचवलं ते ड्रीमवीव्हरच्या टेम्प्लेटने. एका साच्यावरून पानं काढली की ड्रीमवीव्हर प्रत्येक पानाच्या कोडमध्ये टिपणं घालून ठेवतो. बदलता येण्याजोगा भाग जिथे सुरू होतो तिथे 'इन्स्टन्स बिगिन एडिटेबल' आणि त्या भागाचं नाव, जिथे संपतो तिथे 'इन्स्टन्स एंड एडिटेबल'. वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत, ब्राउझर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. भाच्याने भागांना नावंही शहाण्यासारखी दिली होती : मथळा, मजकूर, तारीख. पायथन या संगणकभाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, तिने दोन खुणांमधलं उचललं, आणि ३७७ पानांचा मजकूर पाच मिनिटांत वेगळा झाला. उरलेली ३५ पानं साच्याबाहेरची, कुणीतरी घाईत वर्डमधून चिकटवलेली. ती हातानेच केली. त्या ३५ पानांना ३७७ पेक्षा जास्त वेळ लागला, हेही लिहून ठेवतो.

कुठे न्यायचं याचा विचार फार लांबला नाही. साईट आहे तशी, नुसत्या एचटीएमएल फाइली म्हणून नव्या सर्व्हरवर ठेवता आली असती. सर्वांत स्वस्त तेच. पण मग दर सूचनेला भाच्यासारखा कुणी शोधायचा. उचला-ठेवा पद्धतीचे ऑनलाइन बिल्डर सरांच्या मुलाने सुचवले. दिसायला छान, पण आत गेलेलं सामान उद्या बाहेर कसं काढायचं हा माझा प्रश्न. बांधायची साधनं मरतात. फ्रंटपेजची २००३ ची आवृत्ती शेवटची ठरली. अ‍ॅडोबी म्यूझचा विकास २०१८ मध्ये थांबला आणि मार्च २०२० मध्ये आधारही. म्हणून वर्डप्रेस ही साईट चालवायची प्रणाली : डेटाबेस आपल्या हातात, आणि ग्रंथपाल बाईंना स्वतः सूचना टाकता येते.

'वार्षिक' कसा लिहायचा

खरं काम इथून पुढे. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत आणायचा. लोकांना वाटतं, कोष्टक करायचं, या चिन्हाच्या जागी ते अक्षर, संपलं. 'वार्षिक' हा शब्द घ्या. वार्षिक अहवाल, वार्षिक सभा, वार्षिक वर्गणी. वाचनालयाच्या साईटवर हा शब्द शेकड्याने असतो. जुन्या फॉन्टात तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने टाइप होतो : व, काना, वेलांटी, ष, वर रफार, मग क. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो : व, काना, पाय मोडलेला र, ष, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीने ष ओलांडून पुढे जायचं आणि रफाराने ष ओलांडून मागे यायचं. नुसतं कोष्टक लावलं की दोघंही मध्येच उभी राहतात. 'स्थिती'त तर वेलांटीने अर्धा स आणि थ, असं अख्खं जोडाक्षर ओलांडायचं असतं.

त्याआधी आणखी एक सापळा. फॉन्टात कंस, अँपरसँड, लहान-मोठे दाखवणारी चिन्हं यांच्या जागीही मराठी अक्षरं बसवलेली. एचटीएमएलच्या टॅगही, म्हणजे ब्राउझरला पानाची रचना सांगणाऱ्या खुणा, त्याच चिन्हांच्या. अख्खी फाइल रूपांतरात घातली तर टॅगांचं मराठी होतं. मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि 'टेबल' या टॅगचा असा काही शब्द झाला की तो इथे लिहिण्याजोगा नाही. मग नीट केलं : आधी टॅग बाजूला, आतला मजकूर मोकळा, आणि त्यातलाही फक्त तोच, ज्याच्या फॉन्ट टॅगमध्ये त्या मराठी फॉन्टचं नाव आहे. ईमेलचे पत्ते आणि इंग्रजी पुस्तकांची नावं एरियलमध्ये होती, त्यांना हात लावला नाही. ज्या फॉन्ट टॅगला वेब डिझाइनवाले वीस वर्षं नावं ठेवत आले, त्यानेच इथे तारलं.

पहिलं पूर्ण रूपांतर झालं आणि मी एक पान उघडलं. 'लोकमान्य टिक पुण्यतिथी'. दुसरं पान : 'सकाी ९ वाजता'. सगळीकडचा ळ गेला होता. कारण शोधायला एक रात्र गेली. पानं वाचताना मी विंडोज-१२५२ ही, फाइलमधला कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवणारी, संकेतप्रणाली धरली होती. तिच्यात पाच संकेतांक मोकळे असतात, तिथे काहीच नेमलेलं नाही. पायथन अशा जागी चूक दाखवून थांबतो. मी घाईत 'चूक आली तर सोडून दे' असं लिहून ठेवलं होतं, आणि या फॉन्टाच्या कर्त्याने ळ नेमका त्या पाचांतल्या एका जागी बसवला होता. मराठीतून ळ सोडून दिला की किती थोडं उरतं, ते त्या रात्री कळलं.

तिसरी गंमत ग्रंथपाल बाईंनी पकडली. २००७ च्या अहवालातली खर्चाची ओळ : 'आचार्यांना मानधन रु. १,२००'. बाई म्हणाल्या, "त्या वर्षी कुठले आचार्य आले होते? ते आपले जेवणवाले होते, आचारी." मुळात 'आचाऱ्यांना' होतं. माझ्या स्क्रिप्टचे नियम हिंदीसाठी केलेल्या एका रूपांतरकावरून उचललेले. हिंदीत असा र नाही, त्यामुळे त्याने सरसकट रफार करून टाकला. दऱ्यांचा दर्या झाला होता, 'दुसऱ्या दिवशी' प्रत्येक वृत्तान्तात बिघडलं होतं. युनिकोडमध्ये याला वेगळा ऱ आहे, त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह. नियम बदलून सगळं पुन्हा चालवलं.

सर्वांत लबाड चूक मात्र डोळ्यांना दिसतच नाही. 'लोकमान्य'मधला ओकार जुन्या टाइपिस्टने काना आणि मात्रा अशा दोन कळा दाबून काढलेला. रूपांतर झाल्यावर तो युनिकोडमध्येही काना आणि मात्रा असा सुटा राहिला. बऱ्याच फॉन्टांत अखंड ओकारासारखाच दिसतो. पण शोधपट्टीत 'लोकमान्य' टाका, एकही पान सापडत नाही. 'अ'ला काना जोडून केलेल्या 'आ'चंही तेच.

म्हणून तपासणीसाठी वाचन पुरत नाही. मी सगळ्या ४१२ पानांतल्या वेगवेगळ्या शब्दांची यादी काढली, आणि जे मराठीत होऊच शकत नाही ते त्यात शोधलं : शब्दाच्या सुरुवातीला सुटी वेलांटी, एका अक्षरावर दोन स्वरचिन्हं, शेवटी लोंबणारा रफार. मग संपूर्ण साईटवर एकदाच आलेले शब्द वेगळे काढून बाईंना छापून दिले. त्यांनी आणि दोन सभासदांनी दुपारी चहा घेत लाल पेनाने खुणा केल्या. मुद्रितशोधन त्यांना माझ्याहून चांगलं येतं.

छायाचित्रांचं एक दालन फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवायच्या एका जुन्या तंत्रात होतं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालेलं, पण फाइलच्या पोटात चित्रं शाबूत होती, ती काढून साध्या पानावर लावली.

जुने पत्ते

विंडोज सर्व्हर फाइलींच्या नावात लहान-मोठी इंग्रजी लिपी एकच मानतो, लिनक्स मानत नाही. भाच्याने फाइलला नाव दिलेलं मोठ्या अक्षराने आणि दुवे दिलेले लहान अक्षराने; जुन्या जागी चालून गेलं, नव्या जागी 'पान सापडत नाही'. शिवाय नावांत रिकाम्या जागा. हे पत्ते व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकांवर छापले गेलेले, कुणाकुणाच्या लेखांत दिलेले. ते मोडायचे नाहीत हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. ४१२ जुने पत्ते डाव्या रकान्यात, नवे उजव्या, आणि प्रत्येकाला ३०१ चं, म्हणजे जुना पत्ता मागितला की नव्याकडे नेणारं, कायमचं वळण, अक्षर लहान-मोठं कसंही असलं तरी चालेल असं.

नवे पत्ते मराठीत ठेवावेत असा सरांचा आग्रह. भावना पटते. पण वर्डप्रेस पत्त्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्केवारीच्या खुणांत बदलतो, एका चिन्हाला नऊ खुणा, आणि मर्यादा एकूण २०० ची. म्हणजे काने-मात्रे धरून बावीस चिन्हं झाली की पत्ता मध्येच तुटतो. 'व्याख्यानमाला' या एकाच शब्दाची तेरा जातात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला दुवा पुन्हा तसाच भेंडोळ्यासारखा दिसणार, ज्यातून आत्ताच सुटलो. पत्ते रोमन ठेवले, मथळे मराठी.

पितृपक्षातली रात्र

गणपती ३१ ऑगस्टला. कोकणात त्या दिवसांत काम कुणाला सांगू नये. विसर्जन आटोपल्यावर १७ सप्टेंबरचा शनिवार धरला. सर म्हणाले, "पितृपक्ष आहे रे." मी म्हटलं, "नवं काहीच नाही सर, जुन्याचीच जागा बदलतोय." पटलं त्यांना.

साईट तोवर तात्पुरत्या पत्त्यावर उभी होती. खऱ्या नावावर आणताना डेटाबेसमध्ये थेट शोधा-बदला करायचं नाही, कारण वर्डप्रेस काही सेटिंग मजकुराच्या लांबीच्या आकड्यासकट साठवतो. पत्ता बदलला आणि आकडा तोच राहिला की ते सेटिंग वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय हे वर्डप्रेसचं साधन याचं भान ठेवून बदलतं, तेच वापरलं. लॅपटॉप डीएनएसच्याही आधी बघतो त्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) लिहून खऱ्या नावाने साईट आधीच चालवून पाहिली. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे एकदा विचारलेली नोंद इतर सर्व्हर किती वेळ धरून ठेवतात तो काळ, १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. रात्री दहाला नेमसर्व्हर, म्हणजे या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले. साडेदहाला फोनवर पहिल्यांदा मराठी दिसली. झोपलो.

सोमवारी अकराला बाईंचा फोन. "जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून विचारतायत, तुमच्या ईमेलवर पाठवलेलं परत का येतंय?"

चूक माझी आणि पुस्तकी. साईट हलवायला फक्त एक नोंद बदलायची होती, साईटचा आयपी सांगणारी. मी सोयीसाठी नेमसर्व्हरच बदलले. त्याबरोबर मेलचा पत्ता सांगणारी एमएक्स नोंदही नव्या सर्व्हरची लागू झाली. मेल होती तिथेच, दुसऱ्या सेवेकडे. नवा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक पत्राला 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' म्हणून परत पाठवत होता. शनिवार-रविवार कुणी पत्र धाडलं नाही म्हणून दीड दिवस कळलंही नाही. नोंद दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. पण टीटीएल मी कमी केला होता तो जुन्या ठिकाणचा. नव्या ठिकाणी मूळचे १४,४०० सेकंद तसेच होते. म्हणजे चार तास. तीन वाजेपर्यंत मी दर वीस मिनिटांनी स्वतःलाच चाचणीची पत्रं पाठवत बसलो. कार्यालयाकडची अनुदानाची कागदपत्रं दुसऱ्या दिवशी नीट पोहोचली. सर काही बोलले नाहीत, बाई मात्र "पितृपक्ष" एवढंच म्हणाल्या.

आता काय स्थिती

दुर्मिळ पुस्तकांच्या याद्या आता गूगलला वाचता येतात. पहिल्या दोन महिन्यांत दोन अभ्यासकांचे फोन आले, दोघांनाही हवं असलेलं पुस्तक यादीत सापडलं होतं. अठरा वर्षं ती यादी जगासमोर पसरलेली होती आणि कुणाला दिसत नव्हती. बाई सूचना स्वतः टाकतात, क्वचित मथळा दोनदा येतो. सात पानं अजून दुरुस्त व्हायची आहेत. मुळातच ती दोन वेगवेगळ्या फॉन्टांत मिसळून टाइप झालीत. जुना झिप तसाच जपून आहे.

डोमेनची मुदत, खात्याची नावं, कुठे काय आहे याचा एक कागद करून मी पाकिटात घालून दिला. महिन्याभराने गेलो तेव्हा सहज विचारलं, कुठे ठेवलंय. बाईंनी कपाट उघडलं. पाकिटाला पुठ्ठ्याचं वेष्टण घातलेलं, पाठीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर शाईने दाखल क्रमांक.